कार्ड बदलून पाहिलं

सिंदी (रेल्वे)
२४ ऑगस्ट २०२४

ती. मोहिनीताईस,
सप्रेम नमस्कार.

राखी पोचली. पाकीट ओलं झालं होतं, पण राखी शाबूत होती. आईने बांधून दिली आणि नेहमीसारखं म्हणाली, "मोहिनीची राखी येते, मोहिनी काई येत नाई." तू दर वर्षी राखीबरोबर चिठ्ठी टाकतेस आणि मी दर वर्षी उत्तर लिहीन म्हणतो. ह्या वर्षी खरंच लिहितो आहे, कारण माझा स्वार्थ आहे.

लग्न होऊन सांगलीला जाताना तू सेलूच्या क्लासमधला एक कॉम्प्युटर आमच्या माळ्यावर ठेवून गेली होतीस. तू तिथे शिकवायचीस आणि मी शिकायला म्हणून यायचो आणि ट्रकचा गेम खेळत बसायचो. तो कॉम्प्युटर मी खाली काढला. पिवळा पडला आहे, पंखा दळणाच्या चक्कीसारखा आवाज करतो, पण चालू झाला. गेमची सीडीसुद्धा चालली. आता सकाळ-संध्याकाळ शाळेची व्हॅन चालवतो आणि मधला सगळा वेळ त्याच्यासमोर बसतो.

पण चित्र फार गरीब आहे गं. रस्ता चौकोनाचौकोनांचा, झाडं पुठ्ठ्याची. ते मी चालवून घेतलं असतं. पडद्याच्या कडा मात्र मेल्यासारख्या आहेत. मधला रस्ता ठीक दिसतो, डावी-उजवीकडे काही नाही. मोटरसायकल एकदम ट्रकपुढे उगवते आणि आपटल्यावरच कळतं की ती होती. तुझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये जुनी ग्राफिक्स कार्डं पडून असतील. त्यातलं एक चांगलं पाठव.

फोन केला असता, पण घरात बोललं की सगळ्यांना ऐकू जातं, आणि मोबाइलवर लिहायचं तर अक्षरं मुंगीएवढी. हसू नकोस. मला हा गेम नीट खेळता आलाच पाहिजे. का, ते विचारू नकोस.

तुझा भाऊ,
मुकेश


सांगली
५ सप्टेंबर २०२४

चि. मुकेश,
अनेक आशीर्वाद.

इतक्या वर्षांत तुझं पहिलं पत्र आलं आणि त्यात भावनाची खुशाली नाही, नंदिनीच्या शाळेचं काही नाही, फक्त ट्रक. माणूस पन्नाशीला टेकला तरी सुधारत नाही तो असा. आणि अक्षर काय हे? डावीकडचा समास सोडून ओळी कागदाबाहेर निघाल्या आहेत. काही शब्द तुझ्या घरच्या टेबलावरच राहिले असणार.

उत्तराला उशीर झाला कारण गुडघा सुजला होता. आमच्या लॅबमध्ये नवा शिपाई आला आहे, तो रोज स्टूल वाटेत ठेवतो आणि मी रोज त्यावर आपटते. दोनदा झापलं. तोंड पाडून ऐकून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तुझ्या कॉम्प्युटरमधलं कार्ड क्लासच्या वेळचं आहे, अकाउंट शिकवायला घेतलेलं. त्याच्याकडून रस्ते आणि झाडं काढून घेणं म्हणजे शेळीला नांगराला जुंपणं. सोबत एक कार्ड पाठवते आहे. कपाटात बेवारस होतं, साहेबांना विचारून घेतलं आहे. बसवायची रीत नीट वाच. प्लग काढ. आधी कॅबिनेटच्या लोखंडाला हात लाव, म्हणजे अंगातली वीज उतरते. जुनं कार्ड काढ. नव्याच्या सोनेरी दातांवर शाळेतलं साधं खोडरबर हळू फिरव, मग मदरबोर्डवरच्या तपकिरी खाचेत सरळ दाब. तिरपं दाबलंस तर कार्डही जाईल आणि खाचही. सोबतची सीडी टाकून कॉम्प्युटर पुन्हा सुरू कर.

आणि का विचारू नकोस म्हणालास की मला तेच विचारावंसं वाटतं, हे तुला माहीत आहे.

तुझी,
मोहिनीताई


सिंदी (रेल्वे)
२३ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
सप्रेम नमस्कार.

कार्ड बसवलं. खाच सापडायला वेळ लागला, शेवटी बोटाने चाचपून सापडली. चित्र आलं तेव्हा मी हात जोडले. रस्ता गुळगुळीत, आभाळ निळं, समोरच्या टँकरच्या मागे लिहिलेलं वाचता येतं. भावना स्वयंपाकघरातून येऊन बघत उभी राहिली. म्हणाली, "सिनेमावानी दिसून राह्यलं."

पण ताई, कडा तशाच. काहीच फरक नाही. मोटरसायकल अजून तशीच उगवते. खुर्ची मागे भिंतीला लावून बसलो की जरा बरं दिसतं, सगळा पडदा मधल्या भागात मावतो. म्हणजे कार्डाची ताकद कमी पडते, असं मला वाटतं. ह्याहून मोठं असेल तर पाठव.

बाकी ठीक. पोरांच्या तान्ह्या पोळ्याला गर्दी मावत नव्हती. एका पोराचा लाकडी नंदी माझ्या पायाखाली आला, शिंग मोडलं. पोराची आई मला काय काय बोलली. पोरंही नंदी कुठेही उभे करतात. शाळेच्या फाटकाचा खांब ह्या वर्षी नवा बांधला आहे, तो नेमका वळणात घातला. व्हॅनला दोनदा घासला. बांधणाऱ्याला अक्कल नाही.

ताई, हे काम लवकर कर. दिवाळीच्या आत जमलं तर बरं. मी दिवसभर बसतो, पण प्रगती नाही. तूच करू शकतेस म्हणून तुलाच लिहितो.

मुकेश


सांगली
७ ऑक्टोबर २०२४

चि. मुकेश,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी लॅबमध्ये वाचलं आणि मग बराच वेळ कपाट उपसत बसले. आता पाठवते आहे ते आमच्याकडचं त्या काळातलं सगळ्यात दणकट कार्ड. त्याच्यावर स्वतःचा छोटा पंखा आहे. ह्याहून मोठं तुझ्या त्या डब्यात चालणार नाही, तेव्हा ह्यापुढे मागू नकोस.

पण एक सांग. कार्ड कमी ताकदीचं असलं तर सगळं चित्र अडखळतं, किंवा सगळीकडे खरबरीत दिसतं. मधलं लख्ख आणि कडा तेवढ्या नाहीत, असं कार्ड करत नाही. मॉनिटरची काच म्हातारी झाली असेल, असंही होतं. म्हणून एक परीक्षा कर. गेम लाव आणि भावनाला शेजारी बसव. कडेला मोटरसायकल दिसली की ज्याला आधी दिसेल त्याने काचेवर तिथे बोट ठेवायचं. तिलाही दिसली नाही तर मॉनिटर गेला. तिला दिसली तर मला कळव. खरं कळव.

माझं म्हणशील तर लॅबमधली टेबलांची रांगच मी बदलून घेतली. कोपरा रोज कमरेत लागायचा. शिपाई आणि पोरं दिवसभर टेबलं ओढत होती, मनात मला शिव्या देत असतील. स्कूटरचा आरसाही कोणीतरी पार्किंगमध्ये तोडला. हल्ली कोणाला कशाची पर्वा नाही.

परीक्षा कर.

मोहिनीताई


सिंदी (रेल्वे)
३ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सप्रेम नमस्कार. दिवाळीचे आशीर्वाद असू देत.

दणकट कार्ड बसवलं. झाडांच्या सावल्यासुद्धा दिसतात आता. तुझी परीक्षाही केली. भावनालाही कडा काळ्याच दिसतात. म्हणजे मॉनिटर. नागपूरला जुना मॉनिटर मिळेल का, की तुझ्याकडे आहे? पार्सलने येईल का? मोठा असेल तर बरं.

ह्या वर्षी आकाशकंदिलांना काय कागद लावला कोण जाणे, प्रत्येकाभोवती रंगीत कडं दिसत होतं. छान दिसत होतं तसं.

शाळा सुट्टीनंतर लवकरच सुरू होईल. त्याच्या आत मॉनिटर मिळाला पाहिजे, ताई. मी तुझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नाही. कापसाचा सीझन आहे, रस्त्यावर भरलेल्या गाड्या असतील. मला तोवर नीट जमलं पाहिजे.

मुकेश

*(ह्याच पाकिटात दुसरा कागद)*

ती. ताईंना भावनाचा नमस्कार.

ह्यांनी पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं आणि मी ते वाचलं. रागवायचं तर रागवा.

ताई, मला कधी शेजारी बसवलंच नाही. काल हे बाहेर गेल्यावर मी एकटीने तो गेम लावून पाहिला. चित्र ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख आहे. कडा काळ्या नाहीत.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशीची गोष्ट ह्यांनी तुम्हाला लिहिली नाही. शाळा सुटली होती. आंजी गावाकडची एक लहान पोर व्हॅनच्या डाव्या चाकापाशी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. ह्यांनी आरशात पाहिलं आणि गाडी सोडली. आतली पोरं किंचाळली म्हणून थांबले. पोर सुटली, दप्तर चाकाखाली गेलं. मी विचारलं, "तुमाले पोरगी काऊन नाई दिसली?" तर म्हणाले, "आरसा खराब आहे, बदलून टाकतो." आणि दुसऱ्या दिवशी खरंच आरसा बदलून आणला. मग जेवण न करता कॉम्प्युटरसमोर बसले.

आमची नंदिनीही त्याच व्हॅनमध्ये जाते. सुट्टी संपली की व्हॅन निघेल. मी ह्यांना अडवू शकत नाही, माझ्यावर ओरडतात. तुमचं ऐकतील. काहीतरी करा.

भावना


सांगली
९ नोव्हेंबर २०२४

मुकेश,

तुला फोन केला, तू कापलास. पुन्हा केला, पुन्हा कापलास. भावनाला फोनवर सांगितलं आहे की व्हॅनची किल्ली काढून घे आणि मागितली तरी देऊ नकोस. तिच्यावर ओरडलास तर माझ्याशी गाठ आहे. तिला मी विचारलं नव्हतं, तिने आपणहून लिहिलं, कारण ती पोर चाकाखाली जाता जाता राहिली.

मॉनिटर पाठवणार नाही. कार्ड पाठवणार नाही. तुझा मॉनिटर चांगला आहे. तुझे डोळे गेले आहेत, मुकेश.

तुझे आबा, माझे रूपरावकाका, आठव. दाराची चौकट खांद्याला लागायची, तर त्यांनी सुतार बोलावून दार रुंद करून घेतलं. तुळशीवृंदावन पायात येतं म्हणून कोपऱ्यात हलवलं. विहिरीच्या वाटेवरचा दगड खणून काढला. आपण पोरं हसायचो की काकांना घर नवं करायचा नाद लागला आहे. सगळं घर बदललं, डोळे तेवढे कोणाला दाखवले नाहीत. शेवटी आपटायला काही उरलं नाही तेव्हा खाटेवर बसले आणि तिथेच राहिले. आपल्या घराला हे लागलेलंच आहे. दिसेनासं झालं की वस्तू बदलायची. खांब वळणात घातला, नंदी पायात आला, आरसा खराब आहे. आणि मी शहाणी तुला कार्डावर कार्ड पाठवत बसले.

सेवाग्रामच्या दवाखान्यात जा. उद्या जा. जे उरलं आहे ते वाचेल. तू खरं लिहीपर्यंत मला झोप लागणार नाही आणि तुझ्यावरचा राग जाणार नाही.

मोहिनीताई


सिंदी (रेल्वे)
१ डिसेंबर २०२४

ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते फाडलं. भावनाने तुकडे जोडून पुन्हा टेबलावर ठेवले.

मला माहीत होतं. उन्हाळ्यापासून माहीत होतं. समोरचं दिसतं, टँकरवरचं वाचता येतं, मग मी आंधळा कसा, असं स्वतःला सांगायचो. आणि रस्ता मला पाठ आहे. कुठे खड्डा, कुठे कुत्री झोपतात, कुठल्या घरातून पोर धावत निघतं, सगळं पाठ आहे. रस्ता बदलत नाही, फक्त मध्ये येणारे बदलतात. म्हणून तो कॉम्प्युटर काढला. वाटलं, गेममध्ये कडेची मोटरसायकल पकडायला शिकलो तर रस्त्यावरही पकडीन. इथे आपटलं तर कोणी मरत नाही. दिवसभर शिकायचो आणि सुधारणा होत नव्हती. म्हणून वाटलं की चित्रच खराब आहे. चित्र सुधारलं की मी सुधारेन. ताई, मी वेडा नाही, पण हे मी अगदी खरं मानलं होतं. दुसरं काही मानायची माझी हिंमत नव्हती. मला गाडी चालवण्याशिवाय काही येत नाही.

परवा तुझी परीक्षा खरोखर केली. भावना शेजारी बसली. मी म्हणालो, "दिसली का बोट ठेवजो." गेम सुरू केला. तिने काचेवर बोट ठेवलं. मी म्हणालो, "कुठं आहे? काई नाई तिथं." तिने पुन्हा बोट ठेवलं. मी मान वळवून तिच्या बोटाकडे पाहिलं, तर बोटाखाली मोटरसायकल होती, लाल रंगाची. तोवर आपटलो. पुन्हा पुन्हा तेच झालं. तिचं बोट आधी आणि माझी मोटरसायकल नंतर. शेवटी ती रडायला लागली आणि म्हणाली, "बंद करा ना हो, मले पाहवून नाई राह्यलं."

मी गेम बंद केला. तिच्याकडे किल्ली मागितली, आणि ती घेऊन स्वतः जाऊन शेजारच्या अंकुशच्या हातात दिली. सुट्टी संपल्यापासून दारात उभी असलेली व्हॅन आता तो चालवतो. काहीच सुचत नाही. उद्या सेवाग्रामला जातो.

मुकेश


सिंदी (रेल्वे)
१२ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सप्रेम नमस्कार. हे पत्र भावना लिहिते आहे, मी सांगतो आहे.

काचबिंदू आहे. आबांनाही तोच असणार.

सेवाग्रामला एका पांढऱ्या, घमेल्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवतात. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. कडेला कुठेतरी बारीक दिवा लुकलुकतो, दिसला की हातातलं बटण दाबायचं. ताई, गेमच आहे तो. मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. यंत्र आत टकटक करत होतं, म्हणजे दिवे लागत होते. मला काही दिसत नव्हतं. इतका वेळ काही दिसेना तेव्हा मी घाबरून अंदाजाने दाबायला लागलो. यंत्रापाशी बसलेल्या बाई म्हणाल्या, "भाऊ, दिसल्यावरच दाबा, अंदाजानं नाई." मग मी दाबणं सोडून दिलं. नंतर त्यांनी कागद छापून दिला. मध्ये थोडं पांढरं आणि भोवती सगळं काळं. हेच चित्र मी तुला ऑगस्टपासून लिहीत होतो.

गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंब घालून धरून ठेवायचं. किती दिवस धरून राहील ते कोणी सांगत नाही. सकाळी व्हॅनचा हॉर्न वाजला की अजून उठून चप्पल शोधतो.

आता मुद्द्याचं सांगतो. रिकामा बसून काय करणार, म्हणून भावनाकडून तुझी पत्रं पुन्हा वाचून घेतली. पहिल्यांदा मी त्यात फक्त माझं कार्ड शोधत होतो. ह्या वेळी बाकीचं ऐकलं. स्टूल वाटेत असतं. टेबलाचा कोपरा लागतो म्हणून टेबलं हलवली. स्कूटरचा आरसा कोणीतरी तोडला. भावना वाचता वाचता थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रक्ताच्या सगळ्यांनी तपासून घ्या. तुझे वडील पुंडलिककाका हे आबांचे सख्खे भाऊ. ते तरुणपणीच गेले, म्हणून त्यांचे डोळे कसे झाले असते ते कोणालाच कळलं नाही.

दोन्ही कार्डं आणि गेमची सीडी परत पाठवतो आहे. कार्डं चांगली आहेत. एखाद्या जुन्या कॉम्प्युटरला लाव आणि भाऊजींना शेजारी बसव. मी तुझं उशिरा ऐकलं. तू माझं लवकर ऐक.

मुकेश


सांगली
२७ जानेवारी २०२५

चि. मुकेश,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी मला राग आला. स्वतःचं गेलं म्हणून ह्याला सगळ्यांचंच गेलेलं दिसतं, असं ह्यांना म्हणालेसुद्धा. ह्यांनी सरळ पार्सल फोडलं.

लॅबमधला जुना कॉम्प्युटर घरी आणला. कार्ड मी बसवलं. खोडरबर फिरवलं, तपकिरी खाचेत सरळ दाबलं. चित्र फार सुंदर आलं रे. झाडांच्या सावल्या मीही पाहिल्या. हे शेजारी बसले. ह्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, म्हणून मी समजावून सांगितलं की मोटरसायकल दिसली की बोट ठेवायचं. मी ट्रक चालवत होते आणि म्हणत होते, अजून आली नाही, अजून आली नाही. मग लक्षात आलं की ह्यांचं बोट केव्हाचं काचेवर आहे.

तुझ्याइतकं नाही. एकाच बाजूला आहे, उजव्या. उद्या डॉक्टरांकडे जाणार आहोत. मला खूप भीती वाटते आहे, मुकेश. तुला मी जे सुनावलं ते आठवून लाज वाटते आणि तू ओळखलंस म्हणून रडू येतं. माझ्या आईला आणि काकूंना इतक्यात सांगू नकोस.

आज कॉलेजात त्या शिपायाला बोलावलं. विचारलं, ते स्टूल तू तिथे कधीपासून ठेवतोस. त्याला वाटलं पुन्हा झापणार. खाली बघत म्हणाला, "मॅडम, खरं सांगतो, मी ते कधी हलवलंच नाही. मी कामाला लागायच्या आधीपास्नं ते तिथंच आहे."

तुझी,
मोहिनीताई